अधिक पंचमी

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
भाद्रपद सरत आलाय
आणि आमच्या प्रेसमध्ये पुढचं साल अजून ओलं आहे.
हात लावाल तर जुलै अंगठ्याला येतो.

एकतीस वर्षं मी येणारं वर्ष आधी वाचते,
लाल पेनाने.
अंगारकी हलली, एकादशी दोनदा पडली,
पौषातला पोटफोड्या ष कुणी सपाट करून टाकला,
सगळं माझ्या नजरेखालून.
मस्टरवर नाव शेवंती नाखवा,
राहणार चेंदणी कोळीवाडा.

मशीनवरचा बर्नार्ड दरवर्षी विचारतो,
सप्टेंबर म्हणजे सात ना? मग नववा कसा?
मी सांगते, वर्ष पूर्वी मार्चला उघडायचं.
कुणीतरी दुकानाचा दरवाजा फिरवला,
पाट्या तशाच राहिल्या.
सात, आठ, नऊ, दहा,
चौघं अजून जुन्या बाकाचा नंबर सांगतात.
दुरुस्त करायची मला परवानगी नाही.

आपल्या महिन्यांना मात्र पत्ते आहेत.
पुनवेला चंद्र ज्या चांदणीच्या ओसरीवर टेकतो
तिचं नाव महिन्याला.
चित्रेकडे टेकला, चैत्र. विशाखेकडे, वैशाख.
कृत्तिकांच्या घोळक्यात सापडला, तो कार्तिक.
बाबा इतकं बोलायचे नाहीत.
आखाडात जाळी तुणायची, नारळी पुनवेला होडी लोटायची,
आणि उधाण किती चढलं ते
बंदराच्या कुठल्या पायरीवर शेवाळ ओलं, त्यावरून.
आईचा मार्गशीर्ष नुसता मार्गेसर,
पौष नुसता पूस.

एका वर्षी मी चूक पकडली होती.
श्रावणातली पौर्णिमा, आणि नक्षत्र धनिष्ठा!
लाल गोल करून पंचांगाचं गणित करणाऱ्या खांबेट्यांना फोन लावला.
ते हसले. चूक नाही हो बाई,
चंद्र कधी कधी एक घर पुढे जाऊन बसतो.
नावं ठेवणाऱ्यांनी अंदाजानंच ठेवलीत.
तेव्हापासून मी नावांवर जरा कमी रागावते.

गेल्या मार्गशीर्षात, पुनवेच्या रात्रपाळीला,
बाइंडिंगचा ओवेस, राबोडीचा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
चहा घेऊन गच्चीवर आला.
दाखवा म्हणाला ते हरणाचं डोकं.
खाली किसननगरचे दिवे, पलीकडे येऊरची काळी पाठ,
वर चंद्र, घासूनपुसून लखलखीत,
आणि त्याच्याशेजारी काहीच नाही.
मी बोट तिथेच धरून ठेवलं.
पुनवेला नाव देणारी चांदणी
पुनवेलाच दिसत नाही रे,
तो तिला उजेडात बुडवतो.
मग लोकांना कळलं कसं?
अवसेला बघून ठेवली असेल, म्हटलं.
चहा गार झाला होता.

मी जन्मले अधिक श्रावणात. धोंड्याचा महिना.
सूर्य रास न बदलता घरीच बसला,
म्हणून या महिन्याला स्वतःची चांदणी नाही,
मागून येणाऱ्या भावाचं नाव उसनं.
माझी पंचमी एकोणीस वर्षांनी फिरून येते.
पंच्याऐंशीला आली, तेव्हा मी बोहल्यावर चढायच्या घाईत.
दोन हजार चारला आली, मीच विसरले.
आता तेवीसला, जुलैच्या पानावर,
मीच तपासलेल्या चौकोनात.

आज पहिला ताव निघाला.
त्या चौकोनात, तिथीच्या उजव्या अंगाला, एक ठिपका.
ब्लँकेटवर धागा बसला असणार.
बर्नार्डने चिंधी उचलली.
एकतीस वर्षांत जास्तीचा अनुस्वारसुद्धा सोडला नाही मी.
राहू दे, म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही,
चिंधी खिशात कोंबली आणि मशीन सोडलं.

चाळीस हजार प्रती.
कुणी फोन केलाच
तर छपाईतला दोष आहे म्हणायचं,
असं काउंटरवरच्या प्रमिलेला मी सांगून ठेवलंय.